परक्या जागेवरचा प्रेक्षक

स्वतःच्या हिमतीवर चलच्चित्र तयार करायचे आणि ते लोकांना दाखवण्यासाठी मात्र दुसऱ्याच्या जागेचा आधार घ्यायचा, ही स्थिती इंटरनेटने निर्माण केलेली नाही. महाराष्ट्रात ती या कलेच्या जन्माइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव, दिग्दर्शन, फिल्मवरची रासायनिक प्रक्रिया आणि संकलन हे सारे अंगावर घेतले, पण ३ मे १९१३ पासून लोकांनी तो चित्रपट पाहिला तो गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या दुसऱ्याच्या थिएटरात, आणि पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, तेव्हा भागीदारांशी खटके उडून आपल्याच कर्तृत्वावर चालणारी संस्था सोडून काशीला जाण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यानंतरच्या शतकात वितरक, थिएटरमालक आणि उपग्रह वाहिनी अशी दारे बदलत गेली, तरी दारावर उभे राहणे सुटले नाही. मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि व्हिडिओ विनामूल्य चढवण्याची सोय झाली तेव्हा ही सगळी दारे एकदाची उघडली असे अनेकांना वाटले, आणि ते निम्मे खरेही होते. कायद्याने निर्मात्याला त्याच्या कृतीची मालकी दिली आहे आणि ती बरीच भक्कम आहे. प्रेक्षकाशी असलेले नाते मात्र कोणत्याही कायद्याने त्याच्या नावावर केलेले नाही, आणि स्वतंत्र निर्मितीची खरी अडचण तिथेच आहे.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला, २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलरना ती कंपनी विकत घेण्याचा करार केला आणि २००७ च्या अखेरीस जाहिरातीच्या उत्पन्नात सामान्य निर्मात्यांना वाटा देणारी भागीदारी योजना सुरू झाली. मराठीचा खरा प्रवेश मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. अमेरिकेत राहत असताना मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये पाककृतींचे व्हिडिओ करायला सुरुवात केली, हा अपवादात्मक आरंभ होता. कारण त्या काळात महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत व्हिडिओ पाहण्याइतके इंटरनेट नव्हते आणि जिथे होते तिथे ते जपून वापरावे लागे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले, आणि डेटापॅक महिनाभर पुरवण्याची काळजी संपल्याबरोबर २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर नोंदलेल्या मराठी भाषकांपैकी फार मोठा वर्ग थोड्याच वर्षांत प्रेक्षक झाला. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी उभी केलेली ‘भारतीय डिजिटल पार्टी’, म्हणजे ‘भाडिपा’, याच सुमारास आली आणि शहरी मध्यमवर्गीय घरातली आई, नोकरी, भाड्याची खोली या विषयांना तिने वाहिन्यांवरच्या मालिकांना न साधलेली बोलीभाषा दिली.

त्याहून मोलाची घटना गावांत घडली. ‘गावाकडच्या गोष्टी’ किंवा बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांसारख्या वेबमालिकांत नट गावातले, घर खरे, रान खरे आणि बोलणे तर इतके खरे की पुण्यामुंबईच्या स्टुडिओत लिहिलेल्या ‘ग्रामीण’ संवादांचा खोटेपणा त्यांच्याशेजारी लगेच उघडा पडतो. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने २०२० मध्ये चालवलेले ‘आपली आजी’ हे चॅनेल, किंवा धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंनी उभा केलेला स्वतःचा बाजार, हे त्याच लाटेचे भाग होत. अहिराणी बोलणाऱ्यांसाठी कोणतीही उपग्रह वाहिनी निघाली नव्हती. या गाण्यांना प्रेक्षक मिळाला तो निव्वळ या मार्गाने, आणि त्याचे श्रेय यूट्यूबसारख्या मंचांना मोकळेपणाने दिले पाहिजे.

हे मंच नेमके काय देतात हे समजण्यासाठी ‘होस्टिंग’ या शब्दाचा अर्थ नीट पाहावा लागतो. होस्टिंग म्हणजे फाइल सतत चालू असलेल्या संगणकावर ठेवणे आणि जो मागेल त्याला ती पाठवणे. वीस मिनिटांचा एक भाग चांगल्या प्रतीत, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट या वेगाने पाठवायचा तर एका प्रेक्षकासाठी सुमारे ७५० मेगाबाइट पाठवावे लागतात. तोच भाग एक लाख जणांनी पूर्ण पाहिला तर हा आकडा ७५ हजार गिगाबाइट, म्हणजे ७५ टेराबाइटवर जातो. शिवाय डोंगरातल्या वाडीवर कमकुवत सिग्नलवर पाहणाऱ्याला आणि टीव्हीच्या पडद्यावर पाहणाऱ्याला एकच फाइल चालत नाही, म्हणून मूळ व्हिडिओच्या लहानमोठ्या अनेक प्रती कराव्या लागतात, ज्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. आणि त्या प्रती प्रेक्षकाच्या जवळच्या शहरांतल्या सर्व्हरवर आधीच नेऊन ठेवाव्या लागतात, नाहीतर व्हिडिओ मध्येच अडकून गोल फिरणारे चिन्ह दिसू लागते. गावातल्या पाच-सात जणांच्या संघाने हा खर्च स्वतः उचलावा, ही अपेक्षाच चुकीची ठरेल. खर्च मंच उचलतो आणि मोबदल्यात परवाना घेतो.

हा परवाना ‘मला मान्य आहे’ या बटणामागे असतो आणि तो वाचणारे निर्माते थोडे असतात. यूट्यूबच्या अटींनुसार व्हिडिओची मालकी निर्मात्याकडेच राहते; त्याने मंचाला दिलेला परवाना जगभरासाठी असतो, अनन्य नसतो, म्हणजे तोच व्हिडिओ अन्यत्र देण्याची निर्मात्याला मुभा राहते, तो विनामोबदला असतो आणि मंच तो पुढे दुसऱ्यालाही देऊ शकतो. व्हिडिओ काढून टाकल्यावर हा परवाना व्यवहार्य अवधीनंतर संपतो. भारतासह अमेरिकेबाहेरच्या देशांत २०२१ च्या जूनपासून लागू झालेल्या कलमाने एक भर पडली: भागीदारी योजनेत नसलेल्या निर्मात्याच्या व्हिडिओवरही मंच जाहिरात लावू शकतो, आणि त्या जाहिरातीचा वाटा निर्मात्याला मिळत नाही. नवशिक्याने आपल्या पहिल्या व्हिडिओवर जाहिरात दिसली म्हणून ‘चॅनेल मॉनिटाइज झाले’ असे समजणे, हा गैरसमज इथून येतो.

मॉनिटायझेशन, म्हणजे उत्पन्नाचा वाटा सुरू होणे, यासाठी २०१८ पासून एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. आखूड व्हिडिओंसाठी, म्हणजे शॉर्ट्ससाठी, तासांऐवजी नव्वद दिवसांत एक कोटी प्रेक्षणांचा पर्याय पुढे आला. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतून निर्मात्याला ५५ टक्के मिळतात. शॉर्ट्सच्या बाबतीत सर्व जाहिरातींचे पैसे एकत्र करून त्यातून आधी संगीताच्या हक्कधारकांचा हिस्सा बाजूला काढला जातो आणि निर्मात्यांच्या वाट्याला आलेल्या रकमेपैकी ४५ टक्के त्यांना दिले जातात. दर हजार प्रेक्षणांमागे जाहिरातदार किती देतो हे लिलावाने ठरते, आणि हा लिलाव प्रेक्षक कोणत्या देशात बसला आहे यावर फार अवलंबून असतो. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहून मराठी व्हिडिओ पाहणारे कुटुंब संख्येने एक असले तरी उत्पन्नाच्या हिशेबात इथल्या अनेकांच्या बरोबरीचे भरते. २०२१ पासून या अमेरिकी प्रेक्षकांकडून येणाऱ्या उत्पन्नावर तिथला कर कापला जातो, भारताबरोबरच्या करारामुळे तो १५ टक्के दराने आकारला जाऊ शकतो, पण त्यासाठी निर्मात्याला कराची माहिती भरावी लागते. ती न भरल्यास जगभरातल्या सगळ्याच उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. अर्ज इंग्रजीत आहे म्हणून तो पुढे ढकलणाऱ्या ग्रामीण निर्मात्याला ही दिरंगाई महाग पडते.

इथपर्यंतचा व्यवहार निर्माता आणि मंच यांच्यातला झाला. त्याहून जास्त भांडणे संघातल्या संघातच होतात, आणि त्यांचे मूळ बहुधा कागद न करण्याच्या सवयीत सापडते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजे कॉपीराइट अॅक्टमध्ये, व्हिडिओ हा ‘चलच्चित्रपट’ या वर्गात मोडतो आणि त्याचा कर्ता निर्माता मानला जातो. निर्माता म्हणजे कृती घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. पाच मित्रांनी मिळून मालिका सुरू केली, एकाने लिहिले, एकाच्या घरात शूटिंग झाले, तिसऱ्याचा कॅमेरा, चौथ्याने एडिटिंग केले आणि चॅनेल पाचव्याच्या ईमेलवर उघडले, तर या व्याख्येनुसार निर्माता कोण? पहिल्या दहा भागांत हा प्रश्न कोणालाही सुचत नाही, कारण वाटून घ्यायला काही नसते. पैसे येऊ लागले की पासवर्ड ज्याच्याकडे तो मालक, असा व्यवहार सुरू होतो, जो कायद्याला मुळीच अभिप्रेत नाही. मंचाच्या दृष्टीने मात्र खाते ज्याच्या हाती तोच समोरचा पक्ष असतो, त्यामुळे ज्यांनी कृती घडवली त्यांना आपलाच हक्क सिद्ध करण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

कायद्यातली काही कलमे अशा संघांना खरोखर उपयोगी आहेत आणि ती माहीत नसल्यामुळे वाया जातात. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते धरले जाते, आणि ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास, ते संपुष्टात येतात. कलम ३० अ मुळे परवान्यालाही हेच नियम योग्य त्या फरकाने लागू होतात. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आलेली तरतूद तर जुन्या मराठी चित्रपटसृष्टीच्या अनुभवातून सुचावी अशी आहे: करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमातले हक्क हस्तांतरित झाले असे मानता येत नाही. ‘निगेटिव्ह राइट्स’, म्हणजे मूळ फिल्मवरचे सगळे हक्क, एकरकमी विकून मोकळे झालेल्या निर्मात्यांच्या वारसांना आपल्याच चित्रपटावर दुसऱ्याने ऑनलाइन उत्पन्न घेताना पाहावे लागले, त्या इतिहासापुढे ही तरतूद उशिराच आली. आजच्या निर्मात्याने ब्रँडशी किंवा एखाद्या ओटीटी कंपनीशी करार करताना ‘सर्व माध्यमे, अस्तित्वात असलेली आणि पुढे येणारी, कायमची’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवून किंमत पुन्हा विचारली पाहिजे, कारण त्या एका ओळीत या कलमाने दिलेले संरक्षण काढून घेण्याचा प्रयत्न असतो.

नटांचाही हक्क आहे. कलम ३८ अ प्रमाणे कलावंताने आपली कला चित्रपटात घेण्यास लेखी संमती दिली की निर्मात्याने तो चित्रपट वापरण्यावर त्याला सहसा हरकत घेता येत नाही, मात्र व्यापारी वापर झाला तर मोबदल्यावरचा त्याचा दावा राहतो. ‘लेखी’ या अटीकडे ग्रामीण वेबमालिकांनी अधिक लक्ष दिले पाहिजे. शेजारच्या काकूंनी हौसेने केलेली भूमिका लोकप्रिय झाली आणि चार वर्षांनी घरात वाद झाला, तर एका पानाची साध्या मराठीतली सही केलेली संमती दोन्ही कुटुंबांना वाचवते. त्यात भूमिका, मानधन, उत्पन्नात हिस्सा असल्यास त्याचे प्रमाण आणि पुढच्या भागांतून बाहेर पडण्याची मोकळीक एवढे लिहिलेले पुरते.

संगीताचा प्रश्न याहून बारीक आहे आणि मराठी निर्माता सर्वाधिक अडकतो तो इथेच. तुकारामांचा अभंग हा शब्द म्हणून सर्वांचा आहे, कारण साहित्यकृतीवरचा प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो आणि तुकोबांच्या काळी तो नव्हताच. त्याच अभंगाला विसाव्या शतकातल्या संगीतकाराने दिलेली चाल मात्र वेगळी सांगीतिक कृती आहे, आणि तो संगीतकार जाऊन साठ वर्षे झालेली नसतील तर तिच्यावर हक्क शिल्लक आहे. त्या चालीचे एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र हक्काची वस्तू. तिची साठ वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जातात. त्यामुळे पंढरीच्या वाटेवर दिंडीतल्या वारकऱ्यांनी पारंपरिक चालीत म्हटलेला अभंग चित्रित केला तर अडचण येऊ नये, आणि त्याच दृश्यामागे लोकप्रिय कॅसेटमधला तोच अभंग लावला तर दावा येणार हे जवळपास ठरलेले असते. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत तर निर्मात्याने काहीही लावलेले नसते. डीजेवर वाजणारे सिनेगीत कॅमेऱ्यात आपोआप येते. पार्श्वभूमीला ओघाने आलेल्या कलाकृतीला सूट देणारे कलम ५२(१)(यू) कायद्यात आहे, पण ते चित्र, शिल्प, वास्तू अशा कलाकृतींपुरतेच आहे, संगीताचा समावेश त्यात नाही. लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक समारंभात गाणे वाजवण्याला कायद्याने दिलेली मोकळीक ते गाणे चित्रित करून जगाला दाखवण्यापर्यंत पोहोचते असे धरून चालता येत नाही. हा कायद्यातला खरा दोष आहे. ज्या समाजात उत्सव आणि ध्वनिवर्धक यांची फारकत होत नाही, तिथे उत्सवाचे दस्तऐवजीकरण करणाऱ्याला ओघाने आलेल्या संगीतासाठी सूट मिळायला हवी.

दावा येतो म्हणजे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. यूट्यूबने २००७ मध्ये कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आणली; मोठ्या हक्कधारकांनी आपल्या ध्वनिमुद्रणांच्या आणि चित्रपटांच्या प्रती तिच्यात भरून ठेवायच्या आणि चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक व्हिडिओशी यंत्राने त्या ताडून पाहायच्या. जुळणी सापडली की ‘क्लेम’ लागतो, आणि व्हिडिओ अडवायचा, त्याचे उत्पन्न स्वतःकडे वळवायचे की नुसती नोंद ठेवायची, हे हक्कधारक ठरवतो. क्लेम आणि ‘स्ट्राइक’ हे बोलण्यात एकच मानले जातात, पण त्यांत मोठा फरक आहे: क्लेमने सहसा पैसे जातात, तर स्ट्राइक हा व्हिडिओ उतरवण्याच्या औपचारिक कायदेशीर मागणीतून येतो आणि नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक जमा झाले की संपूर्ण चॅनेल बंद होऊ शकते. क्लेमला हरकत घेतली तर उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस मिळतात, आणि हरकत पहिल्या पाच दिवसांत घेतली तर क्लेम लागल्या दिवसापासूनचे उत्पन्न कोणालाही न देता बाजूला ठेवले जाते. पाच दिवसांची ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण अनेक व्हिडिओंची बरीचशी कमाई सुरुवातीच्या दिवसांतच होते.

स्ट्राइकविरुद्धची प्रक्रिया तर भारतीय निर्मात्याला परक्या न्यायालयाच्या उंबरठ्यावर नेते. ती अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यावर आधारलेली आहे. प्रतिनोटीस देताना निर्मात्याला आपले नाव-पत्ता दावेदाराला कळवण्यास संमती द्यावी लागते, खोटे बोलत नसल्याचे प्रतिज्ञेवर सांगावे लागते, आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला मंचाचे अस्तित्व जिथे आहे तिथल्या अमेरिकी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. सांगलीत बसून स्थानिक कारखान्याच्या राजकारणावर व्हिडिओ करणाऱ्याने हे वाचले की बहुधा तो व्हिडिओ उतरवून मोकळा होतो, मग त्याची बाजू कितीही न्याय्य असो. भारतीय कायद्यात याहून तोलाची व्यवस्था आहे: कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ यांनुसार लेखी तक्रार आल्यावर मध्यस्थाने, म्हणजे मंचाने, छत्तीस तासांत मजकूर रोखायचा, पण एकवीस दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे कोर्टात जाण्याचा भार तक्रारदारावर पडतो. शिवाय निराधार धमकीविरुद्ध स्वतः दावा लावण्याचा मार्ग कलम ६० देते. मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये मंचाची जबाबदारी विशिष्ट कृतीच्या प्रत्यक्ष माहितीवर अवलंबून असल्याचे म्हटले, आणि तेव्हापासून तक्रार नेमकी असावी हा आग्रह भारतीय कायद्यातही रुजला. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वाद मंचाच्या खासगी नियमांनीच मिटतात किंवा दडपले जातात.

टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर कलम ५२(१)(अ) ला मान्य आहे. किती सेकंद वापरले तर चालतात असा आकडा त्यात कुठेही नाही. वापराचा हेतू, प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम यांवरून न्यायालय ठरवते. २०२५ च्या मे महिन्यात एका हिंदी यूट्यूबरने जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या बातमीच्या दृश्यांवरून आलेले स्ट्राइक मागे घेण्यासाठी एका वृत्तसंस्थेने लाखो रुपयांच्या परवान्याची मागणी केली. संस्थेने आपण आपल्या मालमत्तेचे कायदेशीर रक्षण करत असल्याची भूमिका घेतली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीच्या दाव्यापर्यंत गेले. त्यात कोण बरोबर हे न्यायालयाने ठरवायचे. पण तीन स्ट्राइकच्या नियमामुळे वाटाघाटीत एका बाजूच्या हाती सगळ्या चॅनेलचा जीव असतो, हे त्या वादाने प्रत्येक भाषेतल्या निर्मात्याला दाखवून दिले.

चॅनेलचा जीव म्हणजे प्रेक्षक. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ चिनी अॅपवर बंदी घातली आणि टिकटॉक त्यांत होते. बंदीच्या कारणांची चर्चा वेगळी. निर्मात्यांच्या बाजूने पाहता, महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवरच्या ज्या शेतमजुरांनी, गृहिणींनी, तृतीयपंथी कलावंतांनी तिथे लाखोंचा चाहतावर्ग मिळवला होता, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाशीही संपर्क साधण्याचे साधन नव्हते. व्हिडिओ फोनमध्ये होते, प्रताधिकार शाबूत होता, आणि प्रेक्षक नाहीसा झाला होता. इन्स्टाग्रामचे रील्स जुलैमध्ये आणि यूट्यूबचे शॉर्ट्स सप्टेंबरमध्ये भारतात आले, ज्यांना इंग्रजी मेनू समजत होता आणि जोडीला कोणी मदतनीस होता ते तिकडे वळले, आणि बाकीच्यांची लोकप्रियता तिथेच संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आपली आजी’ हे चॅनेल हॅक झाले आणि काही दिवसांच्या धडपडीनंतर परत मिळाले. सुमनताईंच्या पाककृती त्यांच्या हातात होत्याच, पण त्या लोकांपर्यंत नेणारी वाट एका पासवर्डवर उभी होती.

सबस्क्रायबर हा आपला प्रेक्षक आहे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. सबस्क्राइब करणाऱ्याचा ईमेल किंवा फोन क्रमांक मंच निर्मात्याला देत नाही, आणि नवा व्हिडिओ त्याच्या पडद्यावर दिसेलच याची हमीही देत नाही. कोणाला काय सुचवायचे हे शिफारस करणारी यंत्रणा ठरवते, आणि ती थंबनेलवर किती जणांनी बोट ठेवले, ठेवल्यावर किती वेळ ते थांबले, यावरून शिकते. या दबावाचे परिणाम मराठी व्हिडिओंवर उघड दिसतात: पहिल्या दहा सेकंदांतला आरडाओरडा, थंबनेलवरचे विस्फारलेले डोळे, आणि दोन मिनिटांच्या माहितीला दहा मिनिटांचे पाणी. आठवड्याला ठरल्या वाराला भाग देण्याची शिस्त, शेतीविषयक व्हिडिओत पिकाचे नाव आणि हंगाम शीर्षकातच स्पष्ट लिहिणे, प्रमाण मराठीबरोबर बोलीतला शब्दही ठेवणे, मराठी उपशीर्षके स्वतः तपासून देणे, यांनी जमणारा प्रेक्षक हळू जमतो पण टिकतो, कारण तो शोधत आलेला असतो. कांद्यावरच्या करप्याची माहिती शोधणारा शेतकरी तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओही पाहतो. गाजलेल्या घटनेवरचा व्हिडिओ आठवड्यात शिळा होतो.

ज्यांना हे कळले त्यांनी मंचाबाहेर प्रेक्षकाला भेटण्याची सोय केली. भाडिपाने मराठी स्टँडअपचे तिकीट लावून प्रयोग केले, तेव्हा पडद्यावरचा प्रेक्षक नाट्यगृहाच्या खुर्चीत येऊन बसला आणि निर्माता व प्रेक्षक यांच्यामध्ये शिफारस करणारे यंत्र राहिले नाही. प्रयोगाचे तिकीट, मसाल्याची ऑनलाइन ऑर्डर, व्हॉट्सअॅपवरची यादी, ईमेलने जाणारे मासिक पत्र, सदस्यत्वाची वर्गणी, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: प्रेक्षकाने स्वतःहून आपला पत्ता निर्मात्याला दिलेला असतो. मराठीला ही पद्धत मुळीच नवी नाही. वर्गणीदारांची यादी हीच मराठी नियतकालिकांची खरी पुंजी होती, आणि छापखाना बदलला तरी ती यादी संपादकाबरोबर जात असे.

मंच स्वतःही अमर नसतात. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली सुरू झालेले ब्लिप हे स्वतंत्र वेबमालिकांचे आवडते ठिकाण होते. निर्मात्यांना चांगला वाटा, मालिकेला स्वतःचे पान, अशी त्याची ख्याती होती. २०१३ मध्ये ते विकले गेले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बंद झाले, तेव्हा ज्यांनी मूळ फाइल जपल्या नव्हत्या त्यांच्या मालिका कायमच्या गेल्या. व्हिमिओसारख्या ठिकाणी निर्माता स्वतः पैसे भरतो आणि जाहिरात टाळतो, पण तिथे चालत येणारा प्रेक्षक फार थोडा. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने २०१८ मध्ये पीअरट्यूबची पहिली पूर्ण आवृत्ती आणली. त्यात प्रत्येक संस्था आपला छोटा सर्व्हर चालवते, असे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात, आणि व्हिडिओ पाहणाऱ्यांचे संगणक तो एकमेकांना थोडाथोडा पुरवतात, ज्यामुळे वर मांडलेल्या ७५ टेराबाइटांचा भार वाटला जातो. एखादे विद्यापीठ, साहित्य परिषदेची शाखा किंवा परदेशातले महाराष्ट्र मंडळ असा सर्व्हर सहज चालवू शकेल. तो यूट्यूबची जागा घेणार नाही. दुसरी प्रत सुरक्षित राहील आणि एका चॅनेलवर आलेल्या संकटाने सगळे काम अदृश्य होणार नाही, एवढे जरी झाले तरी ते पुष्कळ आहे.

जतनाच्या बाबतीत तर आज कोणाचीच जबाबदारी नाही. १९५४ च्या कायद्याने भारतात प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून फिल्मची रिळे शोधून जपते, आणि तरीही ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उरला आहे. ऑनलाइन व्हिडिओसाठी अशी सक्तीही नाही आणि संस्थाही नाही. अहिराणी गाण्यांतले शब्द, सातारी बोलीचे संवाद, सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी चुलीसमोर बसून सांगितलेल्या रानभाज्यांच्या कृती, हा मराठी लोकजीवनाचा गेल्या दहा वर्षांतला सर्वांत मोठा दृक्‌श्राव्य ठेवा आहे आणि तो परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर, खाते चालू असेपर्यंतच्या बोलीवर पडून आहे. ग्रंथालयाने तो स्वतःहून उतरवून ठेवावा म्हटले तर प्रताधिकार कायद्यातली जतनासाठीची सूट, कलम ५२(१)(न), त्याला पुरत नाही. कारण ज्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून आहे तिचीच अंकीय साठवण त्या कलमाने करता येते, आणि हे व्हिडिओ जन्मतःच अंकीय आहेत. कायदा बदलेपर्यंत मार्ग एकच उरतो: निर्मात्याने कलम ३० खाली एखाद्या सार्वजनिक संस्थेला जतनापुरता, अनन्य नसलेला, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिलेला परवाना द्यायचा, आणि मूळ फाइल, उपशीर्षके, कलावंतांच्या संमतिपत्रांच्या प्रती तिच्या स्वाधीन करायच्या. त्या परवान्याचा मराठी नमुना मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या विधी विभागाने तयार करून विनामूल्य उपलब्ध करून दिला, तर ग्रामीण संघांना वकिलाच्या फीशिवाय तो याच वर्षी वापरता येईल.